दोन बोटं सूट

शनिवारी बायकोची, फिझाची क्लिनिकमध्ये ड्यूटी आणि इनायाला शाळेची सुट्टी. त्यामुळे त्या शनिवारी मुनीर लेकीला घेऊनच कामावर निघाला. रोल्लातल्या घरापासून अजमान काही लांब नाही, पण ट्रॅफिक असा की माणसाचं गाडीतच वय व्हावं. इनाया मागच्या सीटवर टॅबमध्ये डोकं घालून बसली होती. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, दवाखाने आणि दर्गे पालथे घालून झालेली ही एकुलती पोर. ती नुसती शिंकली तरी मुनीरचा जीव टांगणीला लागायचा.

काम म्हणाल तर साधंच. एका जुन्या व्हिलात खोल्यांना दरवाजे बसवायचे. आधीचा सुतार अर्धवट टाकून गायब झाला होता.

"गावी गेला म्हणे," सुपरवायझर विघ्नेश फोनवर म्हणाला. "फोन पण लागत नाही त्याचा. मुनीरभाई, उद्या ओनरला चावी द्यायचीय. आज खलास करून टाका ना."

आता मुनीरची कामाची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एकसारखी दारं असली की तो टेपच्या नादी लागत नाही. टेपवरचा आकडा वाचताना डोळा चुकतो, लिहिताना हात चुकतो. तो एक सरळ काठी घ्यायचा, चौकटीला उभी लावायचा आणि बिजागरी कुठे, कडी कुठे, सगळ्या खुणा तिच्यावरच करायचा. मग तीच काठी प्रत्येक दारावर ठेवली की झालं. रत्नागिरीला वडिलांच्या हाताखाली तो हे शिकला. वडिलांनी सोबत एक रीतही शिकवली होती. काम संपलं की मापाची काठी मोडून टाकायची, आणि दुसऱ्याची न मोडलेली काठी हातात धरायची नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मुनीरने विचारलं नाही.

व्हिलाच्या खिडक्यांना आतून पुठ्ठे चिकटवले होते. बाहेर रणरणतं ऊन, आणि आत भर दुपारी टॉर्च लावायची पाळी. एसी बंद असूनही अंगावर काटा येईल असा गारवा होता. आणि वास... ताज्या रंधा मारलेल्या लाकडाचा. इतके दिवस इथे कुणी कामाला आलं नव्हतं, मग हा वास कुठला? मुनीरच्या मनात आलं आणि गेलं. त्याला घाई होती.

हॉलच्या कोपऱ्यात आधीच्या सुताराची काठी उभी होती. तिच्यावर सगळ्या खुणा तयार. मुनीर खुणेला आडवी रेघ मारायचा. याने मात्र दोन तिरक्या रेघा टोकाशी जुळवून चिमणीच्या चोचीसारखी खूण केली होती. मुनीरने ती काठी पहिल्या चौकटीला लावून पाहिली. माप तंतोतंत.

"जाऊ दे," तो पुटपुटला. "वेळ कुणाला आहे?"

तिथेच तो चुकला. दारं एकामागून एक बसत गेली. एकालाही घासावं लागलं नाही की ठोकावं लागलं नाही. इतकं सरळ काम त्याच्या हातून कधीच झालं नव्हतं, आणि त्याला त्याचीच धास्ती वाटू लागली.

शेवटचं दार बसवून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, काठीवर एक खूण जादा आहे. कमरेच्या जरा वर. ती बिजागरीची नव्हती, कडीचीही नव्हती. त्याने काठी खिडकीला लावली, ओट्याला लावली, कपाटाला लावली. त्या उंचीचं घरात काहीच नव्हतं.

इनाया हॉलमध्ये पुठ्ठ्यावर बसली होती. मुनीरला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने तिला उभं केलं आणि काठी तिच्या पाठीशी धरली. खूण तिच्या डोक्याच्या दोन बोटं वर होती. त्याने सुस्कारा सोडला. लेकीची उंची नव्हती ती.

"अब्बा, अगेन?" इनाया वैतागून म्हणाली.

"अगेन म्हणजे?"

"दॅट अंकल ऑलरेडी मेझर्ड मी."

मुनीर तिच्यासमोर खाली बसला. "कोण अंकल... बेटा, कुठे?"

तिने मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. त्या खोलीचं दार मुनीरनेच मघाशी बसवून लावून घेतलं होतं. "अंकल सेड, स्टँड स्ट्रेट."

दोन बोटं... आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं. दाराला कुणी दोन बोटं सूट ठेवत नाही. एवढी सूट ठेवतात ती पेटीला. जे आत ठेवायचं त्याचं माप घ्यायचं आणि वर दोन बोटं सोडायची, म्हणजे ठेवताना अडकत नाही.

मागच्या खोलीत कुणीतरी सावकाश रंधा मारत होतं. खर्र... खर्र...

मुनीरने गुडघ्यावर काठी मोडली, पोरीला उचललं आणि हत्यारं तिथेच टाकून तो पळाला. काठीचे तुकडे त्याने रस्त्यावरच्या कचरापेटीत फेकले. घरी पोहोचेपर्यंत मनाला तो बजावत होता की काम संपलं, काठी मोडली, रीत पाळली. आता काही होणार नाही, इन्शाल्ला.

संध्याकाळी फिझा ड्यूटीवरून आली. ती इनायाला आंघोळ घालायला घेऊन गेली. थोड्या वेळाने बाथरूममधून तिची हाक आली.

"ऐकलंत का... हिच्या खांद्यांवर पेन्सिलीने हे काय काढलंय तुम्ही?"

तो दारात जाऊन उभा राहिला. दोन्ही खांद्यांच्या टोकांना एकेक बारीक खूण होती, दोन तिरक्या रेघा टोकाशी जुळवलेली.

"साबणानेही निघत नाहीये," फिझा म्हणाली.

पेटीला मापं तीन लागतात. लांबीचं घेऊन झालं होतं, आता रुंदीचंही. मुनीरने धावत जाऊन घराच्या दाराला आतून कडी घातली. दाराच्या फटीतून ताज्या रंधा मारलेल्या लाकडाचा वास येत होता.