फॉडर गॅपचे ब्रॅमलॉक

तुमचं आडनाव दुर्मीळ आहे, असं म्हणालात. बसा. इथे येणाऱ्या प्रत्येकाचं आडनाव दुर्मीळच असतं. फोनच्या यादीत आपल्या नावाची चार घरंसुद्धा नाहीत हे कळलं, की माणसाला वाटायला लागतं, आपण कोणीतरी आहोत. मग तो माझं दार ठोठावतो. मूळ कुठलं, किल्ला कुठला, ढालीवर सिंह होता की गरुड. चाळीस वर्षं मी या काउंटीतल्या घराण्यांचा इतिहास लिहिला, पण ‘आमचे पूर्वज डुकरं राखत असतील का हो?’ असं मला एकानेही विचारलं नाही. बहुतेकांचे राखतच होते.

थांबा, दिवा लावतो. तुमचं काम मी घेणार नाही. पण डोंगर चढून आलाच आहात, तर का घेणार नाही ते ऐकून जा.

माझं पुस्तक १९८७ साली निघालं. तीन जाड खंड. कुठलं घराणं कुठून आलं, कुठे कुठे पांगलं, सगळं त्यात आहे. कोर्टाच्या तळघरात बुरशीचा वास घेत, डोळे फोडून केलेलं काम ते. आणि आमची हौशी मंडळी काय करायची? पानंच्या पानं उचलायची आणि वर स्वतःचं नाव घालायची. कागद तपासायचा म्हणजे काय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ज्यांना स्वतःच्या आजीचं लग्न कोणत्या साली झालं ते सांगता येत नाही, ते सभांमधून वंशशास्त्रावर भाषणं ठोकत होते.

चोर पकडायचा तर सापळा हवा. दुसऱ्या खंडात एका ठिकाणी अर्धं पान रिकामं राहत होतं. तिथे मी एक घराणं घातलं. ब्रॅमलॉक. हे आडनाव अस्तित्वातच नव्हतं. तशी आधी मी नीट खात्री करून घेतली होती. एसा ब्रॅमलॉक आणि त्याची बायको टेम्परन्स, १८४० च्या सुमारास फॉडर गॅप नावाच्या खिंडीत आले. कुठून आले, माहीत नाही. मुलं पाच. अर्ध्या पानात पाच जणांचे संसार बसेनात, म्हणून धाकटी तीन मी १८६२ च्या ऑक्टोबरात घटसर्पाने मारली, एका आठवड्यात. दोन ओळींत काम झालं. पुरली फॉडर गॅपच्या टेकडीवर, झऱ्याच्या वरच्या अंगाला, कारण तिकडे कुणी फिरकत नाही. मग खाली जाऊन मी जेवलो.

सापळ्यात मासे मावेनात इतके आले. पुढे इंटरनेट आलं आणि ज्याला त्याला वंशवृक्ष काढायचं वेड लागलं. मी जगवलेल्या दोन मुलांना लोकांनी बायका दिल्या, नातवंडं दिली. कुणी एक फांदी ओहायोला पाठवली, कुणी दुसरी मिशिगनला, गाड्यांच्या कारखान्यात. आडनाव कुठे किती पसरलंय ते दाखवणारे नकाशे असतात ना, त्यात ब्रॅमलॉकांचे लाल ठिपके दिसायला लागले. आधी एक, मग सात, मग मोजता येईनात. नॉक्सव्हिलच्या एका बाईने तर हे घराणं फ्रान्सच्या कुठल्याशा सरदाराला नेऊन चिकटवलं आणि त्याची ढाल छापलेले पेले नातेवाइकांत वाटले. मी पोट धरून हसायचो. बोललो मात्र कुणाला नाही. एक दिवस भर सभेत सगळ्यांची मस्ती उतरवायची, हे मनाशी ठरवून होतो.

गेल्या एप्रिलच्या अगदी अखेरीस फोन आला.

“मिस्टर टीग? मी आयडेला ब्रॅमलॉक. ओहायोहून बोलतेय.”

“काय आडनाव म्हणालात?”

“ब्रॅमलॉक. आता तुम्हीच असं विचारलंत तर झालंच की!”

मला वाटलं, हिने कोर्टात जाऊन नाव बदलून घेतलेलं दिसतंय. मूर्खांचा काही नेम नसतो. तिचं म्हणणं साधं होतं. फॉडर गॅपच्या टेकडीवर कुणाला तरी सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी लाकडी घरं बांधायची होती. तिथे थडगी नाहीत, असं त्याचं म्हणणं. मंगळवारी काउंटीच्या समितीपुढे निकाल होता आणि थडग्यांचा लेखी पुरावा काय तो माझ्या पुस्तकात.

“तुम्ही नुसतं उभं राहून ‘आहेत’ म्हणा,” ती म्हणाली. “नाहीतर आमच्या लेकरांवरून बुलडोझर फिरेल. रविवारी आम्ही सगळे थडगी सजवायला जमतोय. जेवायलाच या.”

मे महिन्यातल्या रविवारी आपापल्या माणसांची थडगी सजवायची, ही आमच्या डोंगरातली जुनी रीत. गवत खरवडायचं, वर नव्या मातीचे उंचवटे करायचे, मेणात बुडवलेली कागदी फुलं लावायची आणि तिथेच टेबलं मांडून जेवायचं. मी कॅमेरा घेऊन गेलो. मंगळवारी सभेत दाखवायला फोटो हवेत म्हणून.

भर दुपार होती. चढावर पंचवीस-तीस गाड्या उभ्या होत्या. ओहायो, मिशिगन, इंडियाना... नंबरपाट्या वाचत वर गेलो. नकाशात लाल ठिपके होते तिथूनच सगळे आले होते. वर माणसं फावडी घेऊन काम करत होती. पक्षी ओरडत नव्हता. फावड्यांचा खरखराट तेवढा.

“या या, मिस्टर टीग!” मिशिगनचा एक जाडजूड माणूस हात पुसत आला. “आम्हाला वाटलं, फार म्हातारे असाल.”

“आहेच की.”

“छे हो, आमच्यापुढे कुठे!” सगळे हसले. तो फार तर पन्नाशीचा असेल.

मी पोलिसासारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली. आजोबा मिशिगनला कधी गेले? १९२१. काय करायचे? गाड्यांच्या कारखान्यात होते. बरं, माणूस कसा होता? तापट होता? प्यायचा?

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं.

“तेवढंच ठाऊक आहे हो आम्हाला.”

मी आणखी चौघांना गाठलं. प्रत्येकाकडे साल, गाव, धंदा. त्यापलीकडे काही नाही. हजार घराण्यांबरोबर मी जेवलोय. एखाद्या काकाची निंदा झाल्याशिवाय कुठल्याच घरात जेवण उरकत नाही. इथे कुणाला काकाविषयी वाईट काही सांगता येईना, आणि चांगलंही सांगता येईना. टेबलावर तळलेली कोंबडी होती, केळ्याचं पुडिंग होतं. मी वाकून पाहिलं. कशालाच वास नव्हता. वास होता तो उकरलेल्या ओल्या मातीचा.

मग मी झऱ्याच्या वर गेलो. तिथे तीन छोटी थडगी होती.

तुम्हाला काय वाटतं, मला फसवता येतं? नवं थडगं फुगलेलं असतं. शंभर-दीडशे वर्षांनी खालची पेटी कुजते आणि जमीन आत बसते. ही तिन्ही बसलेली होती. मधल्या खळग्यातून एक झाड वर गेलं होतं, माझ्या दोन्ही हातांत मावणार नाही एवढ्या बुंध्याचं. असलं झाड आणून लावता येत नाही... मी कॅमेरा काढलाच नाही.

“आमच्या थोरल्या,” आयडेला मागून हळूच म्हणाली. “टेम्परन्स. टेम्पी आजी म्हणतो आम्ही.”

थडग्यांच्या पलीकडे खुर्चीत एक बाई बसली होती. मघाशी मला ती दिसली नव्हती. मनगटांपर्यंत हात मातीने भरलेले.

“तुम्हीच लिहिलंत?”

“हो.”

“तीन लेकरं. एका आठवड्यात.”

“घटसर्प... त्या साली साथ...”

“साथ नव्हती. खोऱ्यात दुसऱ्या एकाही घरात नव्हता. मी दारोदार फिरून विचारलं. माझ्याच घरात का?”

मी आयुष्यभर कागदावर जगलोय, उत्तरं मला तोंडपाठ असतात. तिच्यापुढे मात्र खरं तेच तोंडून निघालं.

“जागा नव्हती,” मी म्हणालो.

“कसली जागा?”

“पानावर... अर्धंच पान उरलं होतं.”

ती ओरडली नाही, रडलीही नाही. नकला करणाऱ्या त्या हौशी मंडळींकडे मी ज्या नजरेने बघत आलो, त्याच नजरेने तिने मला खालून वर पाहिलं.

“याला खायला घाल,” ती आयडेलाला म्हणाली. “मंगळवारी बोलायचंय त्याला.”

मी न जेवता निघालो. गाडी उतारावर येईपर्यंत मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.

मंगळवारी सभेचा हॉल भरला होता. आमची सगळी हौशी फौज आलेली, पुढच्या रांगेत नॉक्सव्हिलची ती ढालवाली बाई. तोवर माझी भीती ओसरली होती आणि तिच्या जागी संताप आला होता. मला, टीगला, कुणी घाबरवावं? मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. ब्रॅमलॉक कधी नव्हते, एका दुपारी बसून मी त्यांना बनवलं, आणि तुम्ही शहाणे तीस वर्षं त्यांचे पणतू म्हणवून घेताय! ढालवाली पांढरीफटक पडली. लोक हसले. खोटं कशाला बोलू, मजा आली.

“म्हणजे टेकडीवर थडगी नाहीत?” समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

दोनच दिवसांपूर्वी मी ती डोळ्यांनी पाहिली होती. बुंध्याची साल हाताला लागली होती.

“नाहीत,” मी म्हणालो.

आयडेला शेवटच्या रांगेत एकटीच बसली होती. तिने हरकत घेतली नाही. पर्स उचलली आणि निघून गेली.

शुक्रवारी टेकडी सपाट झाली. बुलडोझर चालवणारा माझ्या ओळखीचा होता, त्याला विचारलं. नुसती लाल माती निघाली म्हणाला, दुसरं काही नाही. त्या दिवशी मी चांगला झोपलो.

रविवारी दुपारी पुन्हा फोन.

“मिस्टर टीग, तिथे आमचं काही नव्हतं, असं तुम्ही सांगितलंत.”

“बरोबर.”

“मग आमचं मूळ कुठलं?”

हा प्रश्न मी उभ्या जन्मात दहा हजार वेळा ऐकला असेल. मला हसू आलं. “बाई, तुमचं मूळ कुठलंच नाही.”

पलीकडे ती कुणाशी तरी बोलली. मग म्हणाली, “आजी म्हणतात, कुठेतरी असणारच. तुम्ही ते पान लिहिलंत कुठे बसून?”

काय दुर्बुद्धी झाली मला! शेवटचा टोला मारायचा होता ना.

“माझ्या घरी. वरच्या खोलीत. मूळच हवं असेल तर तेच तुमचं मूळ, आणि तेच तुमचं गाव!”

“बरं,” ती म्हणाली. “आजींना सांगते.”

एवढं बोलून तिने फोन ठेवला. त्याला आता तीन महिने झाले. मी खालीच राहतो, झोपतोही खालीच, त्या सोफ्यावर. तुम्ही मघापासून छताकडे बघताय ते मी पाहतोय. उंदीर नाहीत ते. सोमवारी वर तिघं खोकतात. घटसर्पाचा खोकला मी फक्त कागदावर वाचला होता. तो असा घोगरा असतो, मधेच शीळ वाजल्यासारखा, हे कुठल्याच कागदात नव्हतं. बुधवारी दोघं उरतात. गुरुवारी एक. सोमवारी पुन्हा तिघं. त्या पानावर मी दुरुस्ती लिहून पाहिली, मुलं बरी झाली म्हणून. एकदा नाही, अकरा वेळा लिहिली. शाई वाळेपर्यंतसुद्धा टिकत नाही. तुमच्या आडनावाचं काम का घेत नाही, ते कळलं ना आता? मी कुणाचं काही लिहीत नाही.

आज शनिवार. ते शेवटचं, मला वाटतं मुलगी आहे, फार वेळ झुंजते...

ऐकलंत? नाही, आता नाही येणार. संपलं.

आता टेम्पी आजी खाली येईल, लेकराला पुसायला कोमट पाणी मागायला. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, बोलत काही नाही, नुसती बघते. किटली तिथे चुलीवर आहे, पातेलं शेजारी. दर आठवड्याला तीन वेळा मीच देत आलोय. आज तुम्ही द्याल का?