एका चुलीपुरती जमीन

काजलआजींनी गाठोडं बांधून पडवीत ठेवलं होतं. म्हातारीचं नाव काजल, म्हणून हसू नका. त्या काळातल्या म्हाताऱ्या काजल, पूजा नाही तर प्रियांकाच असायच्या. गाठोड्यात साड्या होत्या आणि लेकीसाठी, श्रेयासाठी, तुपाची बरणी. महानगरात लेकीकडे राहायला जायचं, म्हणून त्यांनी अर्ज केला होता. त्याचं उत्तर घेऊन पर्यावरणशास्त्रज्ञ डॉ. ओवी फडणीस स्वतः डोंगर चढून आली होती.

"एवढ्या उन्हात आलीस, म्हंजी काम झालं आसंल," ताकाचा पेला पुढे करत आजी म्हणाल्या.

ओवीने पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही.

महानगर एव्हाना समुद्रापासून घाटापर्यंत पोचलं होतं. शेतं, गायरानं, तळी सिमेंटखाली गेली, आणि मग शहाण्यांच्या लक्षात आलं की ही जमीन काही बसून खात नव्हती. ती पाणी गाळत होती, वारा थंड करत होती, मधमाश्या पोसत होती, तेही फुकट. मग घाटमाथ्यावरची उरलेली पट्टी 'सेवाभूमी' म्हणून राखली. तिथे पिकवायचं नाही, राहायचं नाही. तिने फक्त शहराला पाणी आणि हवा पुरवायची. माणूस म्हणजे नासधूस, असं धरून तिथल्या सगळ्या धनगरवाड्या उठवल्या. आजींचा नवरा तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता, म्हणून तेवढ्या त्या हट्टाने राहिल्या.

झालं उलटंच. वाड्या उठल्या तिथे डोह गाळाने भरले, न कापलेल्या गवताला वणवे लागले, झरे आटले. पाणी टिकलं ते फक्त आजींच्या डोंगराला.

कारण शोधायला ओवीने 'जुळी भूमी' बनवली. म्हणजे या डोंगराची संगणकातली हुबेहूब नक्कल. तिच्यातून एकेक गोष्ट काढायची आणि काय बिघडतं ते बघायचं. जांभळीची झाडं काढली, पाणी थोडं घटलं. म्हशी काढल्या, निम्मं झालं. आजींना काढलं आणि झराच आटला. जिच्यावाचून सगळी साखळी सुटते ती 'आधारकडी'. तिच्या रक्षणाचा कायदा होता. केला होता उंबरासाठी आणि मधमाश्यांसाठी. आधारकडी तोडता येत नाही आणि हलवताही येत नाही. म्हणून आजींचा अर्ज नामंजूर, ओवीने सांगितलं.

"म्हंजी मी झाड झाले का गं?" आजींनी विचारलं.

"कायद्यापुरतं, हो."

"पर मी करते काय? म्हशी सोडते, डोहातला गाळ काढते, गवत कापते. यंत्र ठिवा की."

"ठेवलं होतं, आजी. म्हशी त्याच्यामागे जाईनात. एकीने तर ते डोहात ढकललं."

आजींना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "धनी गेल्यापासनं बोलायला कुणी न्हाई. लई एकटी पडलेय मी. रोज देवाला म्हणते, आता ने बाबा. नातीला आजून मांडीवर घेतलं न्हाई. मला जाता येत न्हाई तर श्रेयाला तरी पोरगी घिऊन हितं येऊ द्या."

"पट्टी फार अरुंद उरलीय. एका चुलीचं सरपण, एका माणसाचा वावर, एवढंच ती सोसते. दुसरं माणूस आलं की झरा उतरतो. आम्ही तपासलंय."

आजींनी गाठोड्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आन् मी मेल्यावर?"

ओवीने पेला खाली ठेवला.

"बोल की, बाई."

"त्याचंही उत्तर आलंय. म्हशी ज्याचं ऐकतील असंच माणूस हवं. श्रेया इथे वाढलीय. फोनवर तिचा आवाज आला तरी म्हशी मान वर करतात. तुमची जागा रिकामी झाली की तिला आणायचं ठरलंय."

"एकटीला?"

"एकटीला."

"आन् पोरगी?"

ओवीने नकारार्थी मान हलवली.

आजी उठल्या. त्यांनी गाठोडं सोडलं, साड्या आत नेऊन ठेवल्या आणि तुपाची बरणी ओवीच्या हातात दिली.

"हे श्रेयाला दे. आन् यातलं तिला काय सांगू नको. म्हणावं, आईला डोंगर सोडवंना."

"तुम्हाला काही हवंय का, आजी?"

"गुडघ्याची गोळी पाठव. रक्तदाबाची पण. डागतर म्हनंल ती समदी औषधं पाठव," आजी म्हणाल्या. "आता मला लई वर्सं जगाय लागंल."

ओवीने न प्यालेला ताकाचा पेला त्यांनी उचलला आणि तळापर्यंत पिऊन टाकला.