पाचवी खिडकी

वेल्सच्या सीमेलगतच्या मार्केट ऑल्डवर्थ गावात, बाजारचौकातली जुनी बँक एनिड प्रॉसरने विकत घेतली, तेव्हा गावाने कपाळाला हात लावला. आधीचे मालक वर्षभरही टिकले नव्हते. एनिडने मात्र आईचं घर विकून त्यात पैसे घातले होते. मागे फिरायला जागाच नव्हती. खाली लोकरीचं दुकान, वर बिऱ्हाड. "पळणाऱ्यांतली मी नव्हे," असं ती ज्याला त्याला ऐकवायची.

इमारत देखणी. पिवळट दगडाची, दाराशी जाडजूड खांब, वर पाच उंच खिडक्या. त्यातली पाचवी खोटी. मागे धुराड्याची भरीव भिंत. पण दर्शनी बाजू दोन्हीकडून सारखी दिसावी म्हणून बांधणाऱ्याने तिथे कोनाडा ठेवून खिडकी नुसती रंगवून घेतली होती. काळी तावदानं, पांढऱ्या पट्ट्या आणि अर्ध्यावर उतरवलेला पडदा. वारसा इमारत, त्यामुळे त्यातली एक रेघ बदलायची तरी नगरपालिकेची परवानगी हवी.

रंगाचे पोपडे सुटले तेव्हा एनिडने रंगारी क्लेम बीविसला बोलावलं. ती खिडकी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घराण्याने रंगवली होती.

"पडदा काढूनच टाक," ती म्हणाली. "सुतकी दिसतं."

क्लेमने ब्रश खाली ठेवला. "पडदा अर्ध्यावरच असतो, बाई. आजोबांनीही तसाच ठेवला."

"का?"

"कधी विचारलं नाही."

"मग आताही विचारू नकोस. घर माझं आहे. नगरपालिकेचं मी बघते."

त्याने पडद्यावर काळा रंग फिरवला आणि चहासुद्धा न घेता शिडी उचलून चालता झाला.

बाजाराच्या दिवशी सकाळी एनिड भाजीवाल्या डॉटच्या गाडीशी गेली. डॉट पाठमोरी होती आणि बँकेकडे बघून हात हलवत होती.

"कोणाला गं?"

"एनिडला. आज खिडकीत—" डॉट वळली. तिच्या हातातला कोबी गळून पडला.

एनिडने वर बघितलं. पाचव्या खिडकीत नुसता काळा रंग होता.

"पोरी, आज माझ्याकडे झोपायला ये," डॉट पुटपुटली.

"माझं घर सोडून? खुळी की काय!"

ती घाबरली होती, आणि घाबरल्याचाच तिला संताप आला होता. ती तरातरा जिना चढून पाचव्या खिडकीमागच्या खोलीत गेली.

धुराड्याची भिंत जागच्या जागी होती. तिने मूठ आपटून बघितली. भरीव.

त्या खोलीला खरी खिडकी एकही नव्हती. तरी जमिनीवर ऊन पडलं होतं, उंच आणि पट्ट्यापट्ट्यांचं.

उन्हात दोन सावल्या होत्या. एनिड सरकली. एकच सावली सरकली.

तिने कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि उन्हाच्या मधोमध ठाण मांडून बसली.

"राहायचं तर राहा," ती भिंतीला म्हणाली. "मी हलायची नाही."

खाली बाजाराचा गलका चालू होता.

मग तिच्या सावलीशेजारी आणखी एका खुर्चीची सावली सरकत आली. उभी सावली तिच्यावर बसली.

खोलीत खुर्ची एकच होती.