लवंगेच्या तेलाचा वास

वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना सुरू होऊन तीनच दिवस झाले होते आणि खाली माझ्या होमिओपथीच्या दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा घमघमाट सुटला होता. आमच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या उग्र वासापासून लांब ठेवायच्या, असं आम्हाला शिकवलेलं. मी तणतणत जिना चढले, आणि वळणावर एका उंच माणसावर आदळता आदळता वाचले.

"दात दुखतोय?" त्यानं विचारलं.

"डोकं! तुमच्या लवंगेच्या तेलानं. माझी औषधं बिघडली तर?"

"झाकण लावतो की." तो हसला. दात अगदी जाहिरातीतल्यासारखे... "मी प्रभंजन. आणि चूक झाली म्हणून कॉफी पाठवतो."

"कॉफीपण चालत नाही आमच्यात."

"मग काय चालतंय हो तुमच्यात?"

"वेळेवर लावलेलं झाकण!" म्हणून मी वळले. खाली येईपर्यंत हसू दाबून ठेवलं, एवढंच.

मी गौतमी, आमच्या घरातली पहिली डॉक्टर. अप्पा बेलूरच्या कारखान्यात फिटर. दाजीबानपेठेतल्या या गाळ्यावर माझ्या नावाची पाटी त्यांनी रजा टाकून, स्वतः स्क्रू पिळून लावली. अजूनही येताना ते पाटीसमोर मान वर करून थांबतात. वर्षभरात त्या पाटीचं आत्ता कुठे नाव होऊ लागलं होतं. 'हिच्या गोळ्यांनी काय होत नाही, शेवटी वरच जावं लागतंय,' असं पेठेत कुणी म्हणू नये, ही एकच धास्ती मला होती.

आणि नेमक्या एका मंगळवारी कलघटगीच्या नागुबाई आल्या. गाल टम्म सुजलेला.

"गोळ्या दे अक्का. वर नेऊ नको. तो दात उपटतोय म्हणे... बेडा, नको गं बाई!"

मी नेहमीसारखी वही उघडली. झोप कशी, तहान किती, रात्री किती वेळा उठता... नागुबाई गाल धरून सांगत गेल्या. मग मी तोंड बघितलं आणि वही मिटली. बाकावर चार पेशंट बसले होते. क्षणभर पाटी आठवली, नाही असं नाही.

"यात पू झालाय, नागूअक्का. इथं माझी गोळी कामाची नाही. चला, मी येते बरोबर."

बाकावरचे चौघे बघत राहिले. मी नागुबाईंचा हात धरून जिना चढले.

प्रभंजननं तपासून सुई भरायला घेतली. "दात काढावा लागेल."

"आधी साखर बघा," मी म्हणाले.

"विचारलं मी. नाही म्हणाल्या."

"त्यांना माहीतच नाही. रात्री चारदा उठतात, तांबेच्या तांबे पाणी पितात, हिरड्या सहा महिने सुजताहेत. बघा."

त्यानं बोटाला टोचून बघितलं. तीनशे बेचाळीस. त्यानं हातातली सुई खाली ठेवली. त्या दिवशी फक्त पू काढला आणि चिठ्ठी देऊन त्यांना साखरेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मग दार उघडून बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज खालच्या डॉक्टरांनी मला चुकीतून वाचवलं. अर्धा तास विचारायला लागतंय, ते मी विचारलं नव्हतं."

मला रडू येईल असं वाटलं. अभिमानानं ऊर भरून येतो म्हणजे काय, ते मला त्या दारात कळलं.

नागुबाईंचा दात महिन्याभरानं निघाला, साखर उतरल्यावर. तेव्हापासून वरचे पेशंट चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येऊ लागले: 'आधी खाली.' एका शनिवारी चिठ्ठीवर नाव होतं प्रभंजन, वय एकतीस. आणि चिठ्ठी घेऊन तो स्वतःच समोरच्या खुर्चीत.

मी वही उघडली. "तक्रार?"

"झोप नाही."

"कधीपासून?"

"जिन्यावर कुणीतरी भांडलं... तेव्हापासून."

"कशानं बरं वाटतं?"

"खाली आलं की."

"आणि वाढतं कधी?"

"रविवारी. तुमचा दवाखाना बंद असतोय."

माझं पेन थांबलं. कान गरम झाले होते. "यावर... माझ्याकडे गोळी नाही."

"माहीत आहे. लग्न करशील माझ्याशी?"

आवडत होता मला. केव्हाचा! तरी मी सरळ बसले. "पाटी अशीच राहील, एक अक्षर बदलायचं नाही. लग्न आमच्या बुद्धवंदनेनं. आणि अप्पांना तू विचारायचंस."

"उद्याच विचारतो. पाटीखाली उभा राहून."

रविवारी अप्पा आले. प्रभंजननं खरंच पाटीखाली उभं राहून विचारलं. अप्पा वर दातांच्या दवाखान्याच्या पाटीकडे बघत राहिले.

"ती कुणी लावली?"

"मीच..."

"वाकडी आहे."

त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि जिना चढले. प्रभंजननं धावत जाऊन स्टूल धरलं. पाटी सरळ झाल्यावर अप्पा खाली रस्त्यावर आले, चार पावलं मागं सरकले आणि मान वर करून उभे राहिले. आधी माझी पाटी वाचली त्यांनी, मग त्याची.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.