गोजरआजी गायली की लॅपटॉप तापायचा!

“गेला! पुन्हा गेला!” सार्थक ओरडला.

गोजरआजीचं गाणं अर्ध्या ओळीतच थांबलं. तिच्या अंगणात मांडी घालून बसलेल्या वैजयंती आत्याने लॅपटॉपची बटणं दाबून पाहिली, झाकण मिटून पुन्हा उघडलं. पडदा काळाकुट्ट! तिने लॅपटॉप उचलायला खाली हात घातला आणि झटकन मागे घेतला.

“आई गं! तव्यासारखा तापलाय!”

“रेकॉर्डिंग?” स्नेहलने विचारलं.

“गेलं. सेव्ह व्हायच्या आतच बंद पडला. कालही असंच झालं, परवाही असंच!”

वैजयंती आत्या म्हणजे स्नेहलच्या बाबांची बहीण. पुण्यातल्या एका कॉलेजात शिकवायची. दिवाळीच्या सुट्टीत ती आपल्या मुलाला, सार्थकला, घेऊन शिनोलीला माहेरी आली होती आणि येताना कॉलेजने दिलेला लॅपटॉपही घेऊन आली होती. साल होतं दोन हजार सात. तेव्हा गावात मोबाईलसुद्धा बटणांचे होते, त्यातलेही निम्मे पाहुण्यांना दाखवण्यापुरते! वीज अर्धा दिवस गायब असायची. मांडीवर ठेवायचा कॉम्प्युटर बघायला पहिल्या दिवशी सगळी आळी ओसरीवर लोटली होती.

आत्याला भलरी गोळा करायच्या होत्या. भलरी म्हणजे शेतात कापणी-झोडणी करताना सगळ्यांनी मिळून म्हणायची गाणी. स्नेहल लहान होती तेव्हा दिवाळीच्या सुमाराला भाताची खळी भरली की ती गाणी घरापर्यंत ऐकू यायची. मग मळणीची यंत्रं आली. त्यांच्या घरघरीत कोण गाणार आणि कोण ऐकणार! भलरी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ असलेली एकच बाई आता उरली होती, वरच्या वाडीतली गोजरआजी. आणि नेमकी तीच गायला लागली की लॅपटॉप बंद पडत होता!

“माज्यामुळं बिघडलं का गं, पोरी?” गोजरआजीने हळूच विचारलं.

“छे हो आजी! तुमच्यामुळे कसं बिघडेल?”

पण मजा बघायला आलेले गेणभाऊ बांधावर बसले होते. शिनोलीतली कुठलीही गोष्ट त्यांच्या तोंडून निघाली की एस.टी. स्टँडपर्यंत पोचायची. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, “म्हातारीच्या गळ्यात इस्तू हाय राव! गायली की यंत्र पेटतंय!”

सगळे खो खो हसले. गोजरआजी मात्र हसली नाही. पदर सावरत ती उठली आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरख धापा टाकत स्नेहलच्या दारात आला. गोरख गोजरआजीचा नातू. तो आणि स्नेहल सातवीच्या एकाच वर्गात होते.

“आजी आता गायची न्हाई म्हणतीया! सारा गाव तिला इस्तूवाली म्हणतोय. स्टँडवर एकानं तर मला इचारलं, बिडी पेटवायची हाय, आजीला बोलाव की!” तो पायरीवर बसला. “ती कोंबड्यांना दाणं टाकताना बी गुणगुणायची, गं. आज गप व्हती.”

कालच्या हसण्यात स्नेहलही थोडीशी हसली होती.

“आपण सुनीलकाकांना विचारू,” सार्थक म्हणाला. “त्यांनी कॉम्प्युटरचा कोर्स केलाय ना?”

सुनीलकाका म्हणजे स्नेहलचे धाकटे काका. मंचरला कॉम्प्युटरचा कोर्स करून आल्यापासून गावातल्या कुठल्याही यंत्रावर शेवटचा शब्द त्यांचाच! ते पलंगावर लोळत फराळाची चकली मोडत होते.

“व्होल्टेज!” ते म्हणाले. “आपल्या लाईटला दम नाही.”

“पण काका, काल लाईटच नव्हती. तो बॅटरीवर चालू होता,” स्नेहल म्हणाली.

“मग व्हायरस!”

“ठकूबाईंकडे त्यांची गाणी घेताना दोन तास चालला की! तिथं नाही आला व्हायरस?”

काकांनी चकलीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. मग ते घसा खाकरून म्हणाले, “हे बघा. गोजरबाईचा आवाज चिरका. चिरक्या आवाजाचा मशीनवर लोड येतो. लोड आला की मशीन तापतं. हे शास्त्र आहे! पळा आता!”

झालं! दुपारपर्यंत काकांचं ‘शास्त्र’ही गेणभाऊंमार्फत गावभर झालं. आत्याला ते पटलं नव्हतं, पण तिच्याकडे दुसरं उत्तरही नव्हतं. “राहू दे आता,” ती म्हणाली. “उद्या भाऊबीज झाली की मला निघायचंय. त्या माउलीचं आणखी हसं नको करायला.”

मागच्या विहिरीच्या कट्ट्यावर तिघांची बैठक बसली.

“माणसाच्या आवाजाने यंत्र तापत असतं, तर आमच्या शाळेतला माईक सरांच्या भाषणात कधीच जळाला असता!” सार्थक म्हणाला.

“मग ठकूबाईंकडं का न्हाई बंद पडला?” गोरख म्हणाला.

“तेच शोधायचं!” स्नेहल उठलीच. “तिथे काय वेगळं होतं ते बघून येऊ. चला!”

ठकूबाई खालच्या आळीत राहायच्या. त्यांनी तिघांच्या हातावर एकेक करंजी ठेवली आणि सांगितलं, “यंत्र ना? ह्या पाटावर ठेवलं व्हतं. जेवायचा पाट तो. दुसरं काय देणार?”

तिथून ते वरच्या वाडीत गेले. चढाच्या वाटेला कापलेल्या भाताचा वास भरून राहिला होता. गोजरआजी दारात सूप घेऊन बसली होती.

“आजी, लॅपटॉप तू कशावर ठेवला व्हता?” गोरखने विचारलं.

“कशावर म्हंजी? गोदडीवर!” आजीने आतून एक जाडजूड गोधडी आणली. चांगली चौपदरी घडी घातलेली. “लेकीच्या बाळंतपणाला शिवलेली. पुण्याचा पावणा तो, त्याला काय मातीत बसवू? मऊ बसाया नको त्याला?”

स्नेहलने गोधडीवर हात ठेवला. तिला थंडीतली सकाळ आठवली. गोधडीत डोकं घालून झोपलं की थोड्या वेळाने जीव कसा गुदमरतो! मग तोंड बाहेर काढावंच लागतं. ती ताडकन उभी राहिली.

“पळा! घरी पळा!”

“आई, लॅपटॉप बघू का जरा?” सार्थकने घरी येताच विचारलं. आत्या अनारसे तळत होती. “सांभाळून हं!” एवढंच ती म्हणाली.

स्नेहलने लॅपटॉप अलगद उलटा केला. खाली गाळणीसारखी भोकं होती! कडेलाही एक बारीक जाळी होती. तिने लॅपटॉप पाटावर ठेवून सुरू केला आणि वातीच्या कापसाचा एक हलका पुंजका त्या कडेच्या जाळीसमोर धरला. भुर्रकन उडाला!

“वारं येतंय! गरम वारं!” गोरख डोळे विस्फारून म्हणाला.

“आता गोधडीवर!”

लॅपटॉप मऊ घडीत रुतला. खालची भोकं पार बुजली. थोडा वेळ पुंजका जरासा थरथरला, मग जाळीसमोर नुसता पडून राहिला. आतला पंखा मात्र चढाला लागलेल्या जीपसारखा घरघरू लागला.

“बघा!” स्नेहल म्हणाली. “हा खालून थंड हवा घेतो आणि कडेने गरम हवा सोडतो. खालून हवाच मिळाली नाही तर आत तापणार नाही तर काय!”

गोरखने पडलेला पुंजका उचलला. मग म्हणाला, “म्हंजी आजीनं मायेनं त्याचं नाक दाबलं व्हतं!”

तिघंही हसून हसून लोळले. सार्थकने चटकन लॅपटॉप बंद केला.

“चला, काकांना सांगू,” तो म्हणाला.

“ते म्हणतील, पळा आता!” स्नेहल म्हणाली. “नुसतं सांगून आजीचं हसं थांबणार नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं. आणि करतील ते खुद्द काकाच!”

“पण बिघडला तर?”

स्नेहल थबकली. तिलाही तीच धास्ती होती. “इतक्यांदा बंद पडला आणि थंड झाला की दर वेळी चालू झाला ना? आता एकदाच. मग कधीच नाही!”

भाऊबीजेच्या दुपारी ओवाळणं उरकलं, जेवणं झाली. सार्थकने पुण्याहून आणलेली मारामारीच्या सिनेमाची सीडी पुढे केली. काका खूश! लॅपटॉप घेऊन ते पलंगावर पसरले.

“काका, मशीनखाली ही दुलई घ्या,” स्नेहल गोड आवाजात म्हणाली. “उंच होईल. मान नाही दुखणार.”

“शहाणी गं माझी पुतणी!”

गोरखने जाऊन गेणभाऊंना बोलावून आणलं. सिनेमा म्हटल्यावर आणखी दहाबारा जण आले. आत्याही दाराशी टेकून उभी राहिली. नायक गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत होता. पंखा घरघरत होता. नायक शेवटच्या गच्चीच्या टोकाशी आला, मागे गुंड, खाली रस्ता, त्याने उडी मारली आणि...

पडदा काळाकुट्ट!

“अरे! पडला का वाचला?” गेणभाऊ ओरडले.

काकांनी दुलईखाली हात घातला. “आई गं! केवढा तापलाय!”

“काका,” स्नेहलने शांतपणे विचारलं, “आत्ता कोण गात होतं?”

काकांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग दुलईकडे.

“गेणभाऊ,” गोरख म्हणाला, “आता इस्तू कुणाच्या गळ्यात व्हता?”

असा हशा उसळला की पलंग हलला! स्नेहलने मग सगळ्यांना खालची भोकं दाखवली. लॅपटॉप गार झाल्यावर तिने तो पाटावर ठेवला, पुंजका उडवून दाखवला आणि पुढचा सगळा सिनेमा न अडखळता चालला. नायकही वाचला.

“फार तापला की जळू नये म्हणून तो आपणहून बंद होतो, एवढं मला ठाऊक होतं,” आत्या म्हणाली. तिने स्नेहलला जवळ ओढलं. “पण माझं लक्ष पडद्याकडे. त्याच्या खाली काय आहे, ते वाकून बघितलं नाही मी. तुम्ही बघितलंत!”

“माझं शास्त्र जरा कच्चं निघालं,” काका कान चोळत म्हणाले. “पोरांनो, तुमचं पक्कं!”

आत्याने पुण्याला जाणं एका दिवसाने पुढे ढकललं.

दुसऱ्या दिवशी सगळे वरच्या वाडीत गेले. पाट गेणभाऊंनी स्वतः डोक्यावर वाहून आणला होता. गोजरआजी आतूनच म्हणाली, “मला न्हाई गायचं.”

गेणभाऊ उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे राहिले. “माजी जीभ घसरली, गोजरबाई. इस्तू तुमच्या गळ्यात नाय, माज्या तोंडात व्हता.”

स्नेहल आत जाऊन आजीजवळ बसली. “आजी, तुमच्या आवाजाने काहीच होत नव्हतं. तुमच्या गोधडीची ऊब लई झाली त्याला. पाहुण्याला उकडत होतं!”

आजीने तिच्याकडे पाहिलं. मग गोरखकडे. आणि एकदम पदर तोंडाला लावून हसली. “आत्ता गं बया! मग सांगायचं नाय का त्यानं?”

ती खळ्यावर आली. तिच्या थोडक्या भातासाठी मळणीचं यंत्र येत नसे, पेंढ्या हातानेच झोडायचं काम चालू होतं. तिने एक पेंढी हातात घेतली, फळीवर आपटली आणि त्याच ठेक्यावर सूर लावला.

“डोंगराच्या आडून आलं गं वारं, लोंबीच्या कानात सांगतं सारं...”

आवाज चिरका होता खरा. पण त्या आवाजाबरोबर सगळ्यांचे हात एकाच लयीत खाली येऊ लागले. म्हाताऱ्या बायकांना विसरलेल्या ओळी आठवू लागल्या. ठकूबाईंनी अडखळत साथ धरली. सुनीलकाकाही पेंढ्या झोडू लागले. गाणं ऊन कलेपर्यंत चाललं आणि पाटावरचा लॅपटॉप एकदाही थांबला नाही.

“झालं! सगळं सेव्ह झालं!” आत्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “ही गाणी आता कुठे जात नाहीत. या तीन पोरांनी ती राखली!”

“शाबास रं पोरांनो!” गेणभाऊंचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मग आत्याने एक बटण दाबलं. खळ्यावर पुन्हा तीच भलरी उमटली. गोजरआजीने आपला आवाज आजवर कधी बाहेरून ऐकलाच नव्हता. ती दचकली, सरकत सरकत लॅपटॉपजवळ आली आणि कान लावून बसली.

“अगं, ही तर माजी आय!” ती पुटपुटली.

“नाही आजी, तुम्हीच आहात,” स्नेहल म्हणाली.

“न्हाई पोरी. माजी आय अशीच गायची. ह्याच खळ्यावर.”

गाणं संपलं, तशी गोजरआजीने लॅपटॉपच्या कडेवर हळूच हात ठेवला.

“अजून एकदा लाव,” ती म्हणाली.