डाव्या कोपऱ्यातली पकड

तोंडं पाडून बसू नका रं. रात्रीचा सराव नाही म्हणजे नाही. कारण हवंय, तर सांगतो. मग घरी जाताना एकमेकांचे हात धरायचे नाहीत. कडावला घडलेलं आहे, आणि ज्याच्या डोळ्यांदेखत घडलं तो कपिल माझ्या चांगल्या ओळखीचा. त्यानं मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

कपिलचे आजोबा कमळाकर. सगळा तालुका त्यांना आबा म्हणायचा. कबड्डीत डावा कोपरा त्यांचा. पंच म्हणून त्यांचे कितीतरी सामने मी पाहिले. उंचीनं बेताचे, पण चढाईला आलेल्याचा घोटा एकदा हाती लागला की त्याचा खेळ आटोपला. पंचाची शिट्टी वाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. आणि सामना संपला की त्याच पोराला घरी नेऊन भाकरी-सुकट खायला घालायचे. असा जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कपिल आणि त्याचा धाकटा भाऊ रुपेश लहान असतानाच त्यांचा बाप गेला. दोघांना वाढवलं आबांनी, खेळ शिकवला आबांनी. शेवटी अर्धांगवायू होऊन खाटेला खिळले, तेव्हाही कपिलचं मनगट धरूनच झोपायचे.

आबा गेले. घर बौद्ध, रोज वंदना म्हणणारं, भुताखेतावर कुणाचा विश्वास नाही. कपिलला वाटलं, अस्थी नदीत कशाला सोडायच्या? आबांचा जन्म मैदानात गेला. त्यानं राख मैदानाच्या डाव्या कोपऱ्यातल्या मातीत कालवली, वर पाणी मारून चोपली. आजी ठकूबाई तेवढी म्हणाली, "नको रं बाबा. त्यांना जाऊ दे. तू धरून ठेवू नको."

"आजे, आपल्यातच ऱ्हातील ते," कपिल म्हणाला. मायेपोटीच केलं पोरानं. मलाही तेव्हा ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी आबांच्या नावानं पहिली स्पर्धा ठेवली. शनिवार, आठ फेब्रुवारीची रात्र. रविवारी सकाळी सामने आणि मैदान आखायची फक्की कमी पडलेली. दोघं भाऊ मोटरसायकलवर खालापूरला गेले, फक्कीच्या गोण्या घेतल्या, खोपोली-पळसदरी करत कर्जतला आले, चहा घेतला. कडावला पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाकीची पोरं मांडव घालून दमून घरी गेलेली. चांदणं चांगलं होतं, म्हणून दोघांनीच दोरी ताणून मैदान आखून टाकलं. फक्की अशी उडाली की कपिलच्या नाकातोंडात गेली. रुपेश त्याला हसत होता. "दादा, आता नवरदेव दिसतोस."

काम झालं. रुपेश म्हणाला, "उद्या गर्दी असंल. आत्ताच आबांना भेटून येतो." एकोणीस वर्षांचा पोरगा, अंगात नुसता वारा. मध्यरेषेची माती कपाळाला लावली आणि चढाईला निघाला.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी...

कपिल पाठमोरा दोरी गुंडाळत होता. आवाज डाव्या कोपऱ्यापर्यंत गेला. तिथंच राहिला. परत येईना.

कपिलनं वळून बघितलं.

रुपेश मध्यरेषेकडं झेपावलेला. उजवा पाय मागं ताणलेला. तुम्ही खेळाडू आहात. पकडलेला पाय कसा दिसतो, तुम्हाला सांगायला नको.

"नाटक बास कर रं."

रुपेशनं मान हलवली. नाही म्हणून. तोंडानं कबड्डी चालूच.

कपिल धावला. पायाला हात घातला. ओढला. पाय हलेना. घोट्याशी काही नव्हतं. नुसतं चांदणं. पण कातडी दबलेली होती. बोटाबोटांनी...

"आबा, आपला रुपेश हाय तो."

...

"आबा, सोडा."

कबड्डी... कबड्... आवाज बारीक होत चाललेला. डोळे कपिलवर.

तेव्हा त्याला आठवलं. शिट्टी. शिट्टीशिवाय आबा सोडत नाहीत. आणि शिट्टी कुठं? माझ्या घरी. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात. मी गाढ झोपेत.

त्यानं तोंडात बोटं घातली. बोटांना फक्की. ओठ कोरडे. नुसती हवा. पुन्हा फुंकलं. नुसती हवा. थुंकला, बोटं पुसली, पुन्हा...

रुपेशचा आवाज थांबला.

मग वाजली शिट्टी. कपिलची. अर्ध्या गावाला जाग आली.

पाय लगेच सुटला. रुपेश तोंडावर पडला. हात मध्यरेषेच्या दिशेनं लांब केलेला.

टेंपोत घालून त्याला कर्जतला नेलं. उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, कोवळ्या वयातही होतं असं. होत असेल. घोट्यावर साधा वळसुद्धा नव्हता, मी स्वतः बघितलं. स्पर्धा झाली नाही. ठकूबाईनं कपिलला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. आबांचा मला राग येत नाही. त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. राग येतो तो त्या शिट्टीचा, की ती माझ्या खिशात होती.

दोन दिवसांनी आम्ही त्या कोपऱ्यातली माती गुडघाभर खोल उकरली, गोण्यांत भरून नदीत सोडली. ठकूबाई काठावर उभी होती. खड्ड्यात नवी माती भरली, पाणी मारलं, चोपून सपाट केली. दिवस मावळला तेव्हा तिच्यावर मांजराचं पाऊलसुद्धा नव्हतं.

सकाळी मी आणि कपिल बघायला गेलो.

ओल्या मातीत दोन गुडघे रुतलेले. मागं अनवाणी पायांची बोटं. पकडीला टपून बसावं तशी. यायच्या-जायच्या पावलांचा मागमूस नाही.

आणि शेजारीच... खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ... आणखी दोन गुडघे. त्यांच्या मागं बुटांची टोकं. नवे, खेळायचे बूट. कपिल खाली बसला. त्यानंच ते घेऊन दिले होते रुपेशला, स्पर्धेसाठी.