सोडा म्हणायचं राहिलं

देवाशपथ सांगते, यातलं एक अक्षर खोटं नाही.

पटलं तर वाचा, नाही तर पुढे सरका. पण खाली "ताई, स्टोरी भारी" असलं काही लिहू नका. एक बाई गेलीय यात.

आणि हे रात्रीचं नाही. भर दुपारचं आहे. मागच्या दिवाळीतलं, भाऊबीज नुकतीच झाली होती. जागा पाथर्डी, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीतलं एक एक्स-रे सेंटर. नाव सांगत नाही, अजून तिथेच नोकरी करते.

मी रेश्मा. एक्स-रे काढते. अर्ध्या तालुक्याच्या बरगड्या माझ्या डोळ्यांखालून गेल्यात. लोक माणसं चेहऱ्यावरून ओळखतात, मी मणक्यांवरून ओळखते. हसू नका, खरंच. पाठीचा कणा सरळ आहे की ओझ्याने एका अंगाला गेलाय, कुठली बरगडी कधीकाळी मोडून जुळलीय, सगळं दिसतं. हाडांची मला कधीच भीती वाटली नाही.

तोंड मात्र माझं फटकळ. आई म्हणते, हिच्या जिभेला हाड नाही.

दिवाळीत आमच्याकडे गर्दी असते. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या असतात. गाडीत बसायच्या आधी लोक खोकला, छातीत दुखणं दाखवून घेतात. मी एकेकाला उरकत होते.

दगडाबाई त्यातलीच. पन्नाशीची, किडकिडीत. सोबत नवरा, वैजनाथ. मी म्हणाले, मंगळसूत्र काढा, फिल्मवर येतं. तर काढेचना.

"धनी जिता हाय बाई माझा."

शेवटी तिने ते वैजनाथच्या हातात दिलं. त्याने मूठ मिटली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

आत गाऊन घालून आली आणि मला म्हणाली, "वंगाळ काय निघायचं न्हाई ना? संध्याकाळी गाडी हाय. मी मागं राहिले तर कोयता मोडंल. ह्यांना एकल्याला कोन नेतंय?"

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. जोडी मोडली की मुकादम दोघांनाही टाकून जातो.

"ते डॉक्टर सर सांगतील," मी म्हणाले. "छाती प्लेटला टेकवा. हनुवटी वर. हात कमरेवर. आता मोठा श्वास घ्या आणि धरा. मी 'सोडा' म्हणेपर्यंत सोडायचा नाही. हललात तर परत काढावा लागेल, मला तेवढा वेळ नाही."

तिने श्वास घेतला. मी काचेच्या आडोशामागे गेले. बटणावर बोट ठेवलं...

आणि लाईट गेली.

मशीन काही इन्व्हर्टरवर चालत नाही. मी वैतागून बाहेर आले. काउंटरवर पूजा चिवड्याचा डबा उघडून बसली होती. "ये गं, खा." मी बसले. चिवड्यामागून करंज्या निघाल्या, करंज्यांमागून सासूच्या तक्रारी. समोर वैजनाथ मूठ मिटून बसला होता. त्याने दोन-तीनदा आतल्या दाराकडे पाहिलं. पण बोलला नाही. आमच्यासमोर ही माणसं बोलतच नाहीत.

बऱ्याच वेळाने लाईट आली. मी आत गेले.

ती तशीच उभी होती...

हनुवटी वर. हात कमरेवर. छाती फुगवलेली. त्या खोलीला खिडकी नाही, इन्व्हर्टरचा दिवाही नाही. इतका वेळ ती बाई मिट्ट काळोखात उभी होती.

"अहो मावशी, अजून अशाच?"

"तुमी सोडा म्हनल्याच न्हाई," ती म्हणाली. मग ओशाळून, हळूच, "मधी मधी चोरून घेत हुते जरासा. राग नका येऊ बाई."

आणि मी हसले.

साधं हसू नव्हतं ते. पोट धरून हसले. पूजाला हाक मारून आत बोलावलं आणि तिला ऐकवलं, तीही हसली. दगडाबाईपण हसली, पण तिने खाली बघितलं. तोंड झाकायला तिचा हात पदराकडे गेला. गाऊनला पदर कुठून असणार?

हसत हसतच मी दुसऱ्यांदा सांगितलं, घ्या, धरा. बटण दाबलं. फिल्म आली. उजवीकडची सातवी बरगडी कधीतरी मोडून वाकडी जुळलेली, तिथे हाडाची गाठ झालेली. कणा मध्यावर डावीकडे झुकलेला. बाकी छाती स्वच्छ. सरांनी गोळ्या दिल्या, जा म्हणाले. ती गेली.

त्या दुसऱ्या वेळी मी 'सोडा' म्हणाले का?

आठवत नाही. किती डोकं खाजवलं तरी आठवत नाही.

पुढचे काही दिवस मी तिची नक्कल करत फिरले. चहाच्या टपरीवर, माहेरी, जावेसमोर. "चोरून घेत हुते बाई." लोक खो खो हसायचे. मलाही चेव यायचा.

मग एका सकाळी गनीभाई आले. त्यांची जीप टोळ्यांची माणसं ने-आण करते. मी त्यांनाही नक्कल करून दाखवली.

ते हसले नाहीत.

"दगडाबाई का?" ते म्हणाले. "रेश्माताई, परवा गेली ती. उसाच्या फडात. मोळी डोक्यावर घ्यायला श्वास भरला, अन् उभी ती उभीच राह्यली. मोळी खाली घेतली तरी छाती फुगलेलीच. वैजनाथ हाका मारतोय, मारतोय... सोडंचना."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. हात अजून कमरेवरच होता, नकलेतला. तो खाली घ्यायचीसुद्धा लाज वाटली.

त्याच दुपारी सहादेव गुरुजींचा एक्स-रे काढला. रिटायर शिक्षक, काठीसारखा ताठ माणूस. स्क्रीनवर चित्र उमटलं आणि...

बरगड्या जास्त होत्या.

माणसाला बरगड्यांच्या बारा जोड्या. गुरुजींच्या होत्याच. पण त्यांच्या मागे, पुसटसा, आणखी एक पिंजरा होता. लहानखुरा. टच्च फुगलेला. त्याचा कणा डावीकडे झुकलेला.

आणि उजवी सातवी बरगडी...

तिच्यावर गाठ होती.

आधीचं चित्र प्लेटवरून नीट पुसलं गेलं नसेल, म्हटलं. होतं असं कधी कधी. दुसरी प्लेट लावली, परत काढला. परत तेच. सर ओरडले, "प्लेटा पुसत जा गं जरा." मी दोन्ही प्लेटा परत पुसल्या. सांगणार तरी काय?

दुसऱ्या दिवशी एका लेकुरवाळीच्या छातीमागे तोच पिंजरा. मग एका पैलवानाच्या. सकाळी काही नाही, संध्याकाळी काही नाही. फक्त दुपारी. सरांनी नवीन प्लेटा मागवल्या, इंजिनिअर येऊन गेला. काही सापडलं नाही.

पण फिल्मचं एक वेळ चालेल हो. आवाजाचं काय करू?

दुपारी मी "श्वास घ्या" म्हणते तेव्हा खोलीत दोन श्वास आत जातात. एक पेशंटचा...

एक त्याच्या मागचा.

आणि "सोडा" म्हटलं की बाहेर येतो एकच.

मला वाटलं, माझ्याच मनाचे खेळ. म्हणून एकदा पूजाला आत उभं केलं. तिने ऐकलं आणि तडक बाहेर गेली. तेव्हापासून दुपारी ती त्या खोलीत पाऊल टाकत नाही. चिवड्याचा डबाही परत कधी उघडला नाही आम्ही.

संक्रांत होऊन गेली. एका दुपारी परत लाईट गेली. आत पेशंट नव्हता. मी मुद्दाम आत गेले, दार लावून घेतलं. भीती वाटत होती. पण लाज भीतीपेक्षा मोठी झाली होती.

काळोख इतका की स्वतःचा हात दिसेना.

"मावशी," मी म्हणाले. "सोडा."

काहीच नाही.

"दगडाबाई, झालं काम. सोडा आता. माझं चुकलं हो. पाया पडते तुमच्या."

प्लेटच्या स्टँडकडे कापड हललं... गाऊनचं हलतं तसं.

मग नाकातून घेतलेला एक श्वास. अगदी बारीक. कुणाला कळू नये म्हणून घेतात तसा.

आणि तो ओशाळलेला आवाज...

"राग नका येऊ बाई."

मी तिथेच फतकल मारून बसले आणि रडले. लाईट आली तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. फक्त प्लेटच्या वरच्या कडेला हनुवटीचा ओला ठसा होता. सकाळीच मी ती प्लेट स्पिरिटने पुसली होती.

उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या. एकदा वैजनाथ स्टँडवर दिसला. एकटाच, एका एसटीच्या सावलीत उभा. उजव्या हाताची मूठ मिटलेली होती. मुठीत काय होतं, माहीत नाही. जाऊन दोन शब्द बोलायला पाहिजे होतं मी.

मी रस्ता बदलला.

आता रोज दुपारी पेशंट उरकले की त्या खोलीत जाते आणि "सोडा" म्हणते. नीट म्हणते, हात जोडून म्हणते. ती सोडत नाही. आणि का सोडत नाही, ते मला हळूहळू कळायला लागलंय. तिला वाटत असेल, ही परत थट्टा करतेय. आपण श्वास सोडला की ही फटकळ बाई पोट धरून हसणार, त्या दुसरीला हाक मारणार आणि आपल्याकडे तोंड झाकायला पदर नाही.

तिला कसं पटवू, की आता मी हसणार नाही?

आत्ताच मोबाईलवर मेसेज आलाय. उद्या दुपारी दुरुस्तीसाठी पाथर्डीची लाईट बंद राहणार आहे.